मदतनिधीसाठी लाइव्ह गरबा: आखणी अशी करावी

लाइव्ह गरब्याची आखणी वेळेपासून सुरू होते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार उघड्या मैदानावर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. मध्यरात्रीपर्यंतची सूट वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, तीही सरकारने ठरवलेल्या सणांनाच. म्हणून पोलिस परवाना आधी काढावा आणि आरती सातलाच उरकावी.

ढोल, कीबोर्ड आणि दोन दमदार गायक असले की फेर रंगतो. सुरुवात संथ दोन टाळीने, मग तीन टाळी. लय हळूहळू चढवली की नवखेही पावलं पकडतात. दांडिया शेवटी. मंच कडेला ठेवल्यास वर्तुळ मोकळं फिरतं.

वादकांचं मानधन आणि मंडपाचा खर्च प्रायोजकांकडून निघाला, तर तिकिटांचे सगळे पैसे मदतीला जातात. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत नसते. त्यामुळे प्रवेशद्वारापाशी क्यूआर कोड हवाच.