सोळा रस्ते, एक गोल: लातूरची गंजगोलाई चालते तरी कशी?

अहमदपूर, चाकूर, औसा, निलंगा... जिल्ह्यात गाव कुठलंही असो, लग्नाचा बस्ता बांधायचा म्हटलं की घरातली मोठी माणसं एकच नाव घेतात, लातूरची गंजगोलाई. शंभर वर्षांपूर्वी आखलेली ही पेठ आजही का टिकून आहे आणि तिच्यासमोर अडचण काय आहे, समजून घेऊ.

गंजगोलाई म्हणजे काय?
'गंज' म्हणजे धान्याची बाजारपेठ आणि 'गोलाई' म्हणजे तिचा गोल आकार. निजामाच्या राजवटीत नगररचनाकार फय्याजुद्दीन यांनी तिचा आराखडा तयार केला. दुमजली गोलाकार वास्तू 1917 मध्ये उभी राहिल्याची नोंद आहे. मधोमध अंबाबाईचं मंदिर आहे. नवरात्रात इथे भाविकांची रीघ लागते.

लातूरच का?
त्याआधी, 1911 मध्ये, बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज गाडी लातूरपर्यंत पोहोचली होती. बैलगाडीतून आलेला शेतमाल रेल्वेने दूरवर पाठवण्याची सोय झाली आणि लातूरच्या व्यापाराला बळ मिळालं.

सोळा रस्त्यांचं गणित काय?
गोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात. 360 अंशांना 16 ने भागलं, तर सरासरी दर साडेबावीस अंशांवर एक रस्ता येतो. म्हणजे गाडी कुठल्याही दिशेने आली तरी माल थेट मध्यापर्यंत. या रस्त्यांवर मालानुसार बाजार बसले. सोन्याचे दागिने एकीकडे, पादत्राणं दुसरीकडे, मिरची आणि गूळ आणखी वेगळ्या बाजूला.
एकाच मालाची दुकानं शेजारी शेजारी असल्याने गिऱ्हाईक चार पावलांत चार भाव काढतं. मोबाइलवर दोन ॲप उघडून आपण दर ताडून पाहतो, तसंच हे. फरक इतकाच, की इथे मिरची हातात घेऊन वास घेता येतो आणि गुळाचा खडा चाखता येतो.

तूर स्वस्त, मग डाळ महाग का?
लातूर डाळमिलसाठी प्रसिद्ध. त्यामुळे शेतकऱ्याने मोंढ्यावर विकलेली तूर डाळ होऊन पेठेत परत येते, तीही चढ्या भावाने. या फरकातला सगळाच नफा नसतो. साधारण 100 किलो तुरीतून 70 ते 75 किलो डाळ निघते. समजा तूर 7,200 रुपये क्विंटल आहे आणि डाळ 72 किलो निघाली, तर नुसता कच्चा मालच किलोला 100 रुपये पडतो. मिलचा खर्च, हमाली, वाहतूक, दुकानदाराचा नफा त्यावर चढतो. चुनी पशुखाद्य म्हणून विकून थोडी भरपाई होते. हा हिशेब माहीत असला, की भाव करताना उपयोगी पडतो.

काय विकत घ्याल?
जिल्ह्यातल्या तीन शेतमालांना भौगोलिक मानांकन मिळालं आहे: बोरसुरी तूरडाळ, पानचिंचोली चिंच आणि काष्टी कोथिंबीर. दुकानदाराला नाव घेऊन विचारा. मागणी दिसली तरच हा माल वेगळा ठेवणं त्याला परवडेल.

मग अडचण कुठे?
ज्या आकाराने पेठ मोठी केली, तोच आता तिला अडवतो. 16 रस्ते बैलगाड्यांसाठी पुरेसे होते. आज दुचाकी, रिक्षा, टेम्पो आणि हातगाडे एकाच गोलात येतात. एक टेम्पो आडवा लागला तरी मागचा रस्ता तुंबतो. वाहनं बाहेर थांबवली तर ओझं घेऊन चालणारं वयस्कर गिऱ्हाईक तुटेल. आत सोडली तर चालायला जागा उरणार नाही. हातगाडे हटवले तर रोजच्या कमाईवर जगणाऱ्यांचं पोट जाईल.
म्हणून कुठलाही उपाय काढताना तीन गोष्टींची सांगड घालावी लागेल: माल उतरवण्याच्या ठरावीक वेळा, चालत जाता येईल इतक्या अंतरावर पार्किंग आणि फेरीवाल्यांना हक्काची जागा. वास्तू जपणं तुलनेने सोपं आहे. तिच्याभोवतीचा बाजार चालता राहिला, तरच गोलाई खऱ्या अर्थाने टिकेल.