लॉबीतलं गाणं

संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला मोठ्या हॉटेलच्या लॉबीत एक बाई गात असते आणि तिच्याकडे कुणीही बघत नसतं. यात तिची काही चूक नाही. तसंच गाण्यासाठी तिला तिथे आणलेलं असतं. दुबई, क्वालालंपूर, शांघाय, हाँगकाँग, शहर कुठलंही घ्या. कीबोर्डवर एक पुरुष, माइकसमोर लांब झग्यातली एक बाई आणि सोफ्यांवर मोबाइलमध्ये डोकं घातलेले पाहुणे. परदेशी जाऊन आलेल्या बऱ्याच जणांनी हे दृश्य पाहिलं असेल. गाणारी बहुतेकदा फिलिपिनो होती, हेही लक्षात आलं असेल. फिलिपिनोच का, हा प्रश्न मात्र कॉफीच्या घोटाबरोबर गिळला जातो.

मला तो गिळता आला नाही, कारण त्याच्या उत्तराचा एक धागा आपल्या गोव्यात येऊन पोहोचतो.

फिलिपिन्सवर १५६५ ते १८९८ स्पेनचं राज्य होतं, गोव्यावर १५१० ते १९६१ पोर्तुगालचं. दोन्हीकडे मिशनऱ्यांना चर्चमध्ये गाणारी आणि वाजवणारी मुलं हवी होती. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळेत गरिबाघरचं पोरही अक्षरओळखीबरोबर सोल्फेज, म्हणजे स्वरलिपी वाचून गाणं, शिकायचं. हातात व्हायोलिन यायचं. फिलिपिन्समध्येही पाद्र्यांनी हेच केलं आणि गावोगावी बँड उभे राहिले. कागदावरचं संगीत नुसतं बघून वाजवता येणं ही त्या काळच्या आशियात दुर्मीळ विद्या होती. ती अंगी असलेला माणूस कुठल्याही बंदरात उतरला तरी दुसऱ्या दिवशी कामाला लागू शकत होता.

स्पेन गेला, अमेरिका आली. तिनं इंग्रजी आणलं आणि पाठोपाठ जॅझही आलं. १९०४ साली अमेरिकेत सेंट लुईसला जागतिक प्रदर्शन भरलं, तिथे फिलिपिनी पोलिसदलाचा बँड गेला होता. बँडमास्टर होता वॉल्टर लव्हिंग नावाचा कृष्णवर्णीय अमेरिकन. रॉसिनीची ‘विल्यम टेल’ची सुरावट चालू असताना मैदानातले दिवे गेले. लव्हिंगनं छडीला पांढरा रुमाल बांधला आणि बँड अंधारात वाजवतच राहिला, अशी कथा सांगतात. रुमालाचं सोडा, पण समोर काहीही घडो, थांबायचं नाही, हा या धंद्याचा पहिला नियम त्या रात्रीच लिहिला गेला असावा असं मला वाटतं.

१९२० आणि ३०च्या दशकांत शांघाय आणि हाँगकाँगच्या डान्स हॉलमध्ये फिलिपिनो बँड ठरलेले असत. अमेरिकन वादक महाग पडायचे. फिलिपिनो तीच गाणी त्याच ढंगात वाजवायचे आणि स्वस्तात मिळायचे. तोच हिशेब आजतागायत चालू आहे.

मुंबईत याच सुमाराला उलटी वाहतूक होती. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी या कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादकाचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. मागोमाग ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आला, शांघाय गाजवलेला पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. मायदेशात ज्या हॉटेलांत पाहुणा म्हणून पाऊल टाकता आलं नसतं, तसल्या हॉटेलांत ही मंडळी इकडे मानानं वाजवत होती. त्यांच्या शेजारी बसून गोवेकर शिकले. हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ झाला, ताजमध्ये ट्रम्पेट वाजवू लागला आणि पुढे आपल्या सी. रामचंद्रांच्या हाताखाली सिनेसंगीतात आला. ‘अलबेला’तली (१९५१) गाणी ऐकताना पाय आपोआप ठेका धरतात, त्याचं थोडं श्रेय या हॉटेलच्या नोकरीला द्यायला हवं.

दारूबंदीनं मुंबईच्या हॉटेलांतली रात्र विझत गेली, तेव्हा गोव्याच्या वादकांना आसरा द्यायला दादर-ताडदेवचे स्टुडिओ होते. मनिलाच्या वादकांच्या वाट्याला एवढा मोठा आसरा आला नाही, म्हणून ते बाहेर पडत राहिले, असा माझा अंदाज आहे. पुढे फिलिपिन्स सरकारनंच या बाहेर जाण्याला धोरणाचं रूप दिलं. १९७४च्या कामगार कायद्यानं परदेशी नोकऱ्यांची व्यवस्था सरकारी कक्षेत आणली आणि १९८२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र खातं निघालं. नर्स, खलाशी, घरकाम करणाऱ्या बायका यांच्या जोडीनं गाणारेही परदेशी कामगार म्हणून मोजले जाऊ लागले. सरकारी भाषेत त्यांना नाव मिळालं ‘ओव्हरसीज परफॉर्मिंग आर्टिस्ट’. नाव भारदस्त आहे.

काम असं असतं. पंचेचाळीस मिनिटं गायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, याला एक सेट म्हणतात. रात्रीत असे चार-पाच सेट, आठवड्यातले सहा दिवस. काँट्रॅक्ट तीन किंवा सहा महिन्यांचं. मॅनेजर खूश असला तर वाढतं, नाहीतर बॅग भरून पुढचं शहर. राहायला खोली, बहुधा कुणाबरोबर तरी वाटून घ्यायची. जेवण कर्मचाऱ्यांच्या कँटीनमध्ये. वरती संगमरवरी लॉबीत ती महाराणीसारखी दिसते, सेट संपला की मागच्या दारानं, सामानाच्या लिफ्टनं खाली जाते. पाहुण्यांच्या सोफ्यावर टेकायची मुभा बहुतेक ठिकाणी नसते.

पहिला सेट जेवणाआधीचा. तेव्हा हळुवार जुनी जॅझ, बोसानोव्हा. आवाज असा ठेवायचा की शेजारच्या टेबलावरची धंद्याची बोलणी अडखळू नयेत आणि तरीही खोली सुनी वाटू नये. आपल्याकडे बैठकीत गवय्या श्रोत्याला धरून ठेवतो. इथे श्रोत्याला अलगद सुटं ठेवायचं असतं. हे सोपं वाटतं त्यानं एकदा लग्नाच्या हॉलमध्ये माइक हातात घेऊन बघावं. दुसऱ्या सेटला सत्तर-ऐंशीच्या दशकांतली सगळ्यांना पाठ असलेली गाणी. रात्र चढली की नाचाची. मॅनेजरचं लक्ष गाण्यापेक्षा बिलांवर असतं: गाण्याच्या वेळात टेबलावरची मंडळी दुसरा ग्लास मागवतात की उठून जातात, एवढीच परीक्षा. त्यात नापास झालेला आवाज कितीही गोड असला तरी काँट्रॅक्ट पुढे सरकत नाही.

पोतडीत तीनशे-चारशे गाणी लागतातच. फर्माइशी टिश्यूपेपरवर लिहून येतात. चिनी पाहुण्यांसाठी तेरेसा तेंगची गाणी पाहिजेत, जपान्यांसाठी जपानी, कोरियनांसाठी कोरियन. भाषा येत नसली तरी उच्चार रोमन अक्षरांत उतरवून गाणं घोटलं जातं आणि ते असं वठतं की ऐकणारा खूश होऊन तिच्याशी त्याच भाषेत गप्पा मारायला येतो. मग पंचाईत. फिलिपिनो गायकांत एक शब्द आहे, ‘प्लाकाडो’. ‘प्लाका’ म्हणजे तबकडी. तबकडीवर आहे तसंच्या तसं उतरलेलं ते प्लाकाडो. आपल्या ऑर्केस्ट्रावाल्यांना हे सांगायला नको, त्यांचीही पन्नास वर्षं ‘हुबेहूब’ या एका शब्दावर गेली. दुसऱ्याचा आवाज गळ्यात घालून फिरणाऱ्याला नकलाकार म्हणून हिणवणं सोपं आहे, पण रोज रात्री पाच सेट मूळ पट्टीत, सर्दी असताना, एसीच्या थंडगार झोतात उभं राहून गाणं ही नक्कल नव्हे. कलाकार म्हणायचं नसेल तर निदान कारागीर म्हणा.

धोका गळ्याइतकाच कागदातही असतो. व्हिसा बहुतेक ठिकाणी त्या हॉटेलाशी नाहीतर एजंटाशी बांधलेला असतो. भांडण झालं, पगार थकला, तरी दुसरं हॉटेल गाठता येत नाही. एकतर सोसा किंवा घरी जा. एजंट आपला हिस्सा घेतो. झगे, बूट, मेकअप स्वतःच्या खिशातून. जाहिरातीत आवाजाच्या नमुन्याबरोबर पूर्ण उंचीचा फोटो मागतात आणि वयाची अटही घालतात. तेच गाणं, तीच लॉबी, पण पासपोर्ट अमेरिकेचा वा युरोपचा असेल तर पगार सहसा वरचा.

जपानमध्ये तर या कागदानं भलतंच रूप घेतलं. तिथल्या ‘एंटरटेनर’ व्हिसावर फिलिपिन्समधून, त्यातही मुख्यतः बायका, दरवर्षी हजारोंनी जात. २००४ मध्ये हा आकडा ८० हजारांच्या वर होता. मायदेशात गाण्या-नाचण्याची सरकारी परीक्षा द्यायची, कलाकार असल्याचं प्रमाणपत्र-पुस्तक मिळवायचं आणि टोकियो-नागोयाला उतरायचं. उतरल्यावर अनेकींना कळायचं की माइक दोन गाण्यांपुरता. उरलेली रात्र गिऱ्हाइकाशेजारी बसून त्याचा ग्लास भरायचा, आणि सुट्टीच्या दिवशीही त्याच्याबरोबर बाहेर जायचं. काहींची याहून वाईट गत झाली. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं २००४च्या मानवी तस्करीच्या अहवालात जपानला देखरेखीच्या यादीत टाकलं. जपाननं २००५ मध्ये नियम आवळले: फिलिपिन्स सरकारचं ते प्रमाणपत्र यापुढे चालणार नाही. पुढच्या दोन वर्षांत आकडा कोसळला.

हे बरं झालं का? शोषण होत होतं त्यांच्यासाठी निश्चित बरं. पण ज्या खरोखर गायिका होत्या, त्यांचीही वाट त्याच दरवाजानं बंद झाली. मनिलात गायकांनी मोर्चे काढले. ‘कलाकार’ हा शब्द आधी सरकार आणि एजंट यांनी मिळून बाटवला आणि मग बाटला म्हणून रद्द केला, भुर्दंड गाणारीला. मला यात दोन्ही सरकारांपैकी कुणाचीच बाजू घ्यावीशी वाटत नाही.

लॉबीच्या गायकाच्या पोटावर पाय देणारं यंत्र मात्र कुठल्या सरकारनं आणलं नाही. दाईसुके इनोए हा कोबेच्या बारमध्ये गिऱ्हाइकांच्या गाण्याला कीबोर्डची साथ देणारा वादक. एका गिऱ्हाइकाबरोबर सहलीला जाणं जमेना, म्हणून त्यानं साथसंगत टेपवर भरून दिली. त्यातून १९७१ मध्ये कराओकेचं यंत्र निघालं. त्यानं पेटंट घेतलंच नाही. फिलिपिन्समध्ये रॉबेर्तो देल रोसारिओनं तशाच गाण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. या यंत्रामुळे पाच जणांचा बँड दोघांवर आला आणि दोघांचा एकीवर. आज कित्येक ठिकाणी लॅपटॉपवर ‘मायनस वन’, म्हणजे गळा वगळून नुसत्या साथीचा ट्रॅक लावून एकटी बाई सगळी रात्र काढते. तिचा कीबोर्डवालाही गेला.

आर्नेल पिनेडाचं नाव अशा वेळी हमखास निघतं. लहानपणी मनिलाच्या बागेत झोपलेला, हाँगकाँगच्या बारमध्ये वर्षानुवर्षं दुसऱ्यांची गाणी गायलेला हा गायक. २००७ मध्ये ‘जर्नी’ या अमेरिकन रॉक बँडच्या गिटारवादकानं यूट्यूबवर त्याला ऐकलं आणि मुख्य गायक म्हणून बोलावून घेतलं. गोष्ट खरी आहे, सुंदर आहे आणि माझ्या मते थोडी घातकही. एकाला लॉटरी लागली म्हणून बाकीच्यांच्या पगाराची चौकशी करायचं कुणाला सुचत नाही. त्या बाकीच्यांचा हिशेब पुठ्ठ्याच्या खोक्यात असतो: साबण, चॉकलेट, बूट, टॉवेल भरून गावी पाठवलेला ‘बालिकबायन बॉक्स’, त्याच्या मागोमाग भावाची फी आणि घराचं छप्पर.

तेव्हा पुढच्या वेळी अशा लॉबीत बसलात आणि फर्माइश करावीशी वाटली, तर ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ मागू नका. ते त्या रात्री दोनदा झालेलं असतं. फ्रेडी आगिलारचं ‘अनाक’ मागा. १९७८चं टागालोग गाणं आहे, ‘अनाक’ म्हणजे लेकरू. ते तिला पाठ असेल, बहुधा कुणी मागितलेलं नसेल. गाणं संपेपर्यंत फोन खाली ठेवा, आणि उठताना टिपच्या बरणीत जरा सढळ हातानं टाका.