दोरीवरचा सँडो आणि आपली ताकद

मैत्रिणींनो, दुपारी दोरीवरचे कपडे काढताना तुमच्याही हातात एखादा सँडो बनियन येतच असेल. हा सँडो कोण, असा विचार कधी केला आहे का? मीही केला नव्हता. हा खराखुरा माणूस होता, हे मला गेल्या वर्षी कळलं, आणि त्याला निमित्त झालं माझ्या आईचं पडणं.

आई आमच्याकडे राहायला आली होती. एका सकाळी ती न्हाणीघरात घसरली. नशिबानं कुठं मोडलं नाही, पण तिला उठता येईना आणि मला तिला उठवता येईना. काखेत हात घालून तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा हात सुटले. हे ऑफिसला गेलेले. शेवटी शेजारच्या काकांना हाक मारली. ओल्या साडीत परक्या माणसापुढे बसलेल्या आईनं मान वर केली नाही. दिवसभर ती एवढंच म्हणत राहिली, "तुला त्रास झाला गं." माझ्या मनातून मात्र एक गोष्ट जाईना. पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणारी मी, आणि माझ्या हातात स्वतःच्या आईला उठवण्याइतकीही ताकद असू नये?

माझा भाचा व्यायामशाळेत जातो. त्याच्याकडची शरीरसौष्ठवाची जुनी पुस्तकं मी वाचायला घेतली. "मावशी, तू?" म्हणून तो हसला. हसू दे!

त्यात प्रथम भेटला युजेन सँडो. १८६७ साली प्रशियातल्या कोनिग्सबर्गला जन्मलेला हा माणूस आधुनिक शरीरसौष्ठवाचा जनक मानला जातो. १९०१ साली त्यानं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मोठी स्पर्धा भरवली. शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉइल तिथं परीक्षक होते. १९०४-०५च्या सुमारास तो हिंदुस्थानातही येऊन गेला. घरी व्यायाम करणाऱ्यांना तो हलकेच डंबेल्स घ्यायला सांगे. पण जो स्नायू काम करतो आहे त्यावर मन हवं, हा त्याचा आग्रह.

पण मला खरी आपली वाटली ती अमेरिकेतली अ‍ॅबी स्टॉक्टन. जन्म १९१७चा. लहानपणी वडील तिला लाडानं 'पजी' म्हणजे गुटगुटीत म्हणत, तेच नाव जन्मभर राहिलं. टेलिफोन ऑपरेटरची बैठी नोकरी लागली आणि वजन वाढलं. तिच्या मित्रानं, पुढं तोच नवरा झाला, तिला डंबेल्स आणून दिले. थोड्याच वर्षांत कॅलिफोर्नियातल्या 'मसल बीच'वर ती नवऱ्याला दोन्ही हातांवर डोक्यावर तोलून धरू लागली! वजन उचललं की बाई पुरुषी दिसते, असं तेव्हा सर्रास म्हणत. पजीनं १९४४ पासून एका व्यायामविषयक मासिकात बायकांसाठी सदर लिहिलं आणि १९४७ साली बायकांची वजन उचलण्याची स्पर्धा भरवली. तिथं तिनं स्वतः १३५ पौंड, म्हणजे सुमारे ६१ किलो, डोक्यावर उचललं. आपले भरलेले गॅस सिलिंडर जवळजवळ दोन! आणि उंची किती, तर पाच फुटांहून जेमतेम थोडी जास्त.

या मंडळींकडून मी जे शिकले, ते तुम्हालाही उपयोगी पडेल.

वजन हळूहळू वाढवा. मायलो नावाच्या प्राचीन ग्रीक मल्लाची एक दंतकथा आहे. तो रोज एक वासरू उचलायचा; वासराचा बैल झाला, तरी तो उचलतच राहिला. आपणही लेकराला कडेवर घेत असंच केलं की! 'घरकाम हाच व्यायाम' असं आपण म्हणतो, पण कळशी रोज तेवढीच असते. सवयीच्या ओझ्यानं ताकद टिकेल, वाढणार नाही. मी एकेक लिटरच्या पाण्याच्या बाटल्यांनी सुरुवात केली. दहा-बारा वेळा सहज उचलता येऊ लागल्या, तेव्हा दोन लिटरच्या घेतल्या.

कमजोर भाग लपवू नका. अर्नोल्ड श्वार्झनेगरच्या पोटऱ्या बारीक होत्या. त्यानं विजारीचे पाय कापून टाकले, म्हणजे व्यायाम करताना त्या सगळ्यांना दिसतील आणि त्याला टाळता येणार नाहीत. आपण गुडघे दुखतात म्हणून खाली बसायचंच सोडतो. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. भिंतीला हात टेकून जोर काढा. ओट्याला धरून टाचा उचला. तोवर दूधही तापतं.

विश्रांती घ्या आणि नीट जेवा. स्नायू भरतात ते विश्रांतीत. म्हणून एक दिवसाआड व्यायाम पुरे. जागतिक आरोग्य संघटनाही स्नायू बळकट करणारा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस करायला सांगते. आणि सगळ्यांची पानं झाल्यावर उरलंसुरलं खाणं सोडा. उसळ, डाळ, दही, अंडं यांतला आपला वाटा आधीच काढून ठेवा.

लिहून ठेवा. दुधाच्या हिशेबाच्या वहीत मी मागच्या पानावर तारीख आणि आकडा लिहिते. कंटाळा आला की तीच पानं उलटून बघते.

पाळी गेल्यावर बायकांची हाडं झपाट्यानं विरळ होऊ लागतात, आणि अशा व्यायामानं त्यांना बळकटी येते. तिशी-चाळिशीतच सुरुवात केलेली बरी. रक्तदाब, पाठदुखी किंवा नुकतंच बाळंतपण झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. वजन उचलताना श्वास कोंडू नका. कुणी पडलं, तर लागलं आहे का ते पाहिल्याशिवाय ओढून उठवू नका. तेही मी त्या दिवशी चुकलेच होते.

आई अजून आमच्याकडेच आहे. न्हाणीघरात आता धरायला दांडा बसवला आहे. संध्याकाळी ती खुर्चीवरून उठ-बस करते आणि मी मोजते. सुरुवातीला तीनच जमायच्या. परवा नऊ झाल्या. मी वहीत नऊचा आकडा लिहिला, तर म्हणाली, "नीट मोज, दहा झाल्यात."