जुन्या कागदाची उलटतपासणी

भारत इतिहास संशोधक मंडळ वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी १९१० मध्ये पुण्यात स्थापन केले. त्याची वास्तू सदाशिव पेठेत आहे. तेथे जुन्या कागदाची पारख प्रश्नांनीच होते. अस्सल की नक्कल? मोडीचे वळण, शिक्का, मायना त्या काळाचे आहेत का? तिथी आणि वार जुळतात का? हा शेवटचा प्रश्न सर्वांत बोचरा, कारण त्याचे उत्तर गणिताने पडताळता येते. उदाहरणार्थ, शिवजन्माचे वर्ष पूर्वी १६२७ मानले जाई. टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली, म्हणजे घटनांच्या तिथीवार नोंदींची यादी, उजेडात आणली आणि कोणती नोंद अधिक विश्वसनीय, यावर दीर्घ वाद झडला. शकावलीत शिवजन्माची तिथी शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी आहे. महाराष्ट्र शासनाने पुढे त्याप्रमाणे १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली.