जागलीची घोंगडी

१८२५ साली इंग्रज अधिकारी जेम्स औट्रमने खानदेशात धरणगावी भिल्ल पलटण उभारली, त्या काळी एरंडोलच्या भोवतालच्या मुलखात वाघाची शिकार होत असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस मनाई झाली. परंतु थंडीच्या रात्री निश्चल बसलेल्या माणसाने देहाची ऊब कशी राखावी, हा शिकाऱ्याचा प्रश्न, रानडुकरांपासून हरभरा नि दादर ज्वारी राखण्यासाठी माळ्यावर जागलीला बसणाऱ्या आमच्या शेतकऱ्याकडे जणू वारसाहक्काने आला आहे.

वस्त्र ऊब देते, हा समज मुळातच चुकीचा. ऊब देतो तो देह. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातून सुमारे १०० वॅट उष्णता सतत बाहेर पडत असते, आणि वस्त्राचे काम एवढेच, की अंगाभोवतीची हवा अडवून स्थिर ठेवावी, कारण स्थिर हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक घालून शिवलेली गोधडी हाती घेऊन पाहावी: धावदोऱ्याच्या दोन ओळींमध्ये कापड किंचित फुगलेले असते, आणि त्या फुगवट्यातच खरी ऊब साठते. म्हणूनच दोन सैल, पातळ कपडे एका जाड कपड्याहून सरस ठरतात.

खरा घात होतो तो घामाने. स्वेटर, मफलर आणि घोंगडी असा सारा बंदोबस्त अंगावर चढवून गडी तरातरा शेत गाठतो, घामेजतो आणि माळ्यावर बसतो; मग चालण्याची उष्णता ओसरते, पण सुती बंडी ओलीच राहते. पाणी हवेच्या जवळजवळ पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते, शिवाय एक ग्रॅम घाम सुकताना सुमारे ५८० कॅलरी खर्ची पडतात. मध्यरात्री हुडहुडी भरते ती यामुळे. कापसाच्या मुलखात राहून कापसाविरुद्ध लिहिणे मला जड जाते, तथापि ओल्या सुताइतका थंडीत दुसरा वैरी नाही. लोकर मात्र आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा बाष्प शोषूनही ओली भासत नाही, आणि ते शोषताना थोडी उष्णताही सोडते.

तेव्हा घोंगडी खांद्यावर टाकून, किंचित गारठा सोशीतच शेताकडे निघावे. माळ्यावर पोहोचताच, थंडी वाजू लागण्याआधी, कोरडी बंडी घालावी, तीवर सैल स्वेटर, कानटोपी आणि सर्वांवर घोंगडी, बुडाखाली कडब्याची पेंढी. खांबाला टांगलेली ती घामट बंडी दव पडल्याने पहाटेही ओलीच सापडेल. अंगावर राहिली असती, तर ती सुकविण्याचे काम रात्रभर देहालाच करावे लागले असते.