ऑफिस सांभाळून वर्ल्ड कप!

22 मार्च 2023. गुढीपाडव्याची सकाळ. आई गुढी उभारायला हाका मारतेय आणि मी साडेचारपासून मोबाइलला चिकटलेलो. क्रिकेट? अंहं, बेसबॉल! मायामीत वर्ल्ड बेसबॉल क्लासिकची फायनल. जपान 3, अमेरिका 2. शेवटची इनिंग, दोन आउट. बॉल जपानच्या शोहेई ओतानीच्या हातात, समोर बॅट घेऊन माइक ट्राउट. तेव्हा दोघंही एरवी लॉस एंजेलिस एंजल्स या एकाच टीमचे! म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या दोस्ताशीच प्रमोशनसाठी भिडायचं. ओतानीचा बॉल झपकन वळला, ट्राउटची बॅट हवेत फिरली. खेळ खल्लास!

तशी ही स्पर्धा तरुणच. 2005 मध्ये बेसबॉलला 2012 च्या ऑलिम्पिकमधून डच्चू मिळाला आणि 2006 मध्ये 16 देशांना घेऊन ही स्पर्धा सुरू झाली. ऑलिम्पिकला न फिरकणारे अमेरिकन मेजर लीगचे स्टार इथे आपापल्या देशाकडून उतरले. कप अमेरिकेचाच, असं वाटत होतं. कसलं काय! यजमान सेमीफायनललाही पोचले नाहीत. क्युबाला 10-6 ने हरवून जपान जिंकला. 2009 ला पुन्हा जपान. 2013 ला एकही मॅच न हरता डॉमिनिकन रिपब्लिक. अमेरिकेचा नंबर लागला थेट 2017 मध्ये.

पण मला खरी भावली ती 2023 ची चेक टीम. पहिल्यांदाच आलेली. कोच मेंदूविकारतज्ज्ञ, एक पिचर अग्निशमन दलात, दुसरा ओंद्रेय सातोरिया चक्क इलेक्ट्रिशियन! त्याचा बॉल मेजर लीगवाल्यांच्या मानाने अगदीच स्लो. पण टोकियोत खच्चून भरलेल्या स्टेडियममध्ये त्याने त्याच ओतानीला स्ट्राइकआउट केलं. चेक टीम ती मॅच 10-2 ने हरली, पण टोकियोने तिला डोक्यावर घेतलं. पुढे ओतानी मायामीत विमानातून उतरला, तेव्हा त्याच्या डोक्यावर चेक टीमची कॅप होती. मान गये बॉस!

हे वाचून मी जरा खजीलच झालो. नोकरी लागल्यापासून माझं क्रिकेट किट माळ्यावर पडलंय. कुणी विचारलं की उत्तर तयार, ‘वेळच मिळत नाही यार.’ सातोरियाही नोकरीच करत होता की!

पाडव्याला गुढी उभारली आणि शिडी घेऊन माळ्यावर चढलो. पॅडचे पट्टे उंदरांनी कुरतडलेत. बॅट मात्र शाबूत आहे.

रविवारी सकाळी सात वाजता, मैदानावर. कोण कोण येतंय?