बुद्धिबळाचे सॉफ्टवेअर : पावती फाडण्याआधी

खरीपपूर्व सभा ग्रामपंचायत कार्यालयात आटोपली. बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक झाले, हजेरीच्या सह्या झाल्या आणि मी पिशवी आवरत होतो. तेवढ्यात एका शेतकरी दादांनी खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढून पुढे केली. अशा चिठ्ठ्या आम्हा कृषी खात्यातल्या माणसांना रोजच्याच. दुकानदाराने चार औषधे लिहून दिलेली असतात आणि शेतकऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो, "साहेब, हे घेऊ का?"

प्रश्न तोच होता, पण चिठ्ठीवर औषधे नव्हती. लॅपटॉप, बुद्धिबळाचे सॉफ्टवेअर आणि जुन्या डावांचा साठा असे तीन आकडे होते. बेरीज पन्नास हजारांच्या पुढे. दादांची मुलगी आठवीत आहे. शालेय क्रीडा स्पर्धेत ती तालुक्याला दुसरी आली. तिची शिकवणी घेणाऱ्याने सांगितले होते की पोरगी हुशार आहे, पण कॉम्प्युटरवर डाव तपासल्याशिवाय पुढे टिकायची नाही. त्यासाठी दादा घरात ठेवलेले सोयाबीन मोडायला निघाले होते. त्यात पेरणीसाठी राखलेले घरचे बियाणेही होते.

मी म्हटलं, "दादा, आठ दिवस थांबा. सोयाबीन कुठं पळून जात नाही."

हा विषय या पानावर कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण २८ जुलै २०२५ रोजी नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमी येथे कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि एकोणिसाव्या वर्षी ती देशाची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर झाली. तेव्हापासून आमच्या भागात पोरे पारावर पट मांडून बसलेली दिसतात. चांगलेच आहे. मात्र जिथे पोरांची हौस जाते, तिथे मागोमाग विकणाराही पोचतो.

मी काही संगणकातला जाणकार नव्हे. कृषी पदविकेला असताना वसतिगृहात बुद्धिबळाचा नाद लागला. नोकरीला लागल्यावर पहिल्या पगारातून शहरात जाऊन बुद्धिबळाची सीडी विकत घेतली. सहा महिने रोज रात्री त्या यंत्राशी खेळून हरलो, आणि हरतोय म्हणजे खेळ सुधारत असणार अशी स्वतःची समजूत घातली. यंत्र सांगेल त्या सुरुवातीच्या बारा खेळ्या पाठ केल्या. तालुक्याच्या स्पर्धेत समोरच्या निवृत्त गुरुजींनी चौथ्याच खेळीला वेगळे प्यादे ढकलले आणि माझे पाठांतर तिथेच संपले. अर्ध्या तासात मात. गुरुजींच्या घरी संगणकच नव्हता.

विहिरीत पाणी किती?

सॉफ्टवेअर म्हणून जे विकले जाते त्यात दोन वेगळ्या वस्तू असतात, हे आधी समजून घ्यावे. एक इंजिन, म्हणजे विचार करणारी मोटर. दुसरा पट, म्हणजे पडद्यावर सोंगट्या दाखवणारा आणि डाव साठवणारा भाग. दोन्ही एकाच दुकानातून घ्यायची गरज नाही. मोटर एका कंपनीची आणि पाइप दुसरीचा चालतो, तसेच हे. त्यांना जोडणारी यूसीआय नावाची एक ठरलेली पद्धत २००० सालापासून आहे.

आता या मोटरीची ताकद बघा. न्यूयॉर्कमध्ये १९९७ साली आयबीएमच्या डीप ब्लू या अवाढव्य यंत्राने कास्पारॉव्हला हरवले, तेव्हा जगभर गहजब झाला. आज खिशातल्या फोनवर चालणारे स्टॉकफिश नावाचे इंजिन त्या यंत्राहून किती तरी सरस आहे. कोणताही माणूस, अगदी मॅग्नस कार्लसनसुद्धा, त्याच्यापुढे टिकत नाही. २००८ साली नॉर्वे, इटली आणि फिनलंडमधल्या तिघांनी ते सुरू केले आणि पुढे जगभरातल्या लोकांनी हातभार लावून वाढवले. ते पूर्णपणे फुकट आहे. चोरीचे, क्रॅक केलेले असे काही नाही. लेखकांनीच ते सर्वांना मोकळे केले आहे.

म्हणजे "आमचे इंजिन जास्त ताकदीचे" हे वाक्य ऐकले की सावध व्हावे. विहिरीत पाणी तीन फूट असताना साडेसातची मोटर बसवून काय उपसणार? आठवीतल्या पोरीला किंवा माझ्यासारख्याला, पाचशे गुणांकनाने बलवान इंजिन आणि हजाराने बलवान इंजिन यांतला फरक कळायचाही नाही.

एक खरी घडलेली गोष्ट सांगतो. २०२१ साली जर्मनीतल्या चेसबेस या नामांकित कंपनीने फॅट फ्रिट्झ २ नावाचे इंजिन सुमारे शंभर युरोंना विकायला काढले. स्टॉकफिशच्या लेखकांचे म्हणणे पडले की हे बहुतांशी आमचेच काम आहे आणि विकताना मोकळ्या परवान्याच्या अटी पाळलेल्या नाहीत. त्याच वर्षी त्यांनी दावा लावला. २०२२ च्या नोव्हेंबरात तडजोड झाली. याचा अर्थ त्या कंपनीचा माल वाईट असा मुळीच नाही. तिच्याकडचा लाखो डावांचा साठा मोठमोठे खेळाडू वापरतात, कारण उद्याचा प्रतिस्पर्धी काय खेळतो ते त्यांना आज बघायचे असते. तालुक्याच्या स्पर्धेत समोर कोण बसणार हे आपल्याला सकाळी कळते, आणि त्याचे डाव कोणत्याच साठ्यात नसतात. आपल्याला तो साठा काय कामाचा?

पेन ड्राइव्हवर दोनशे रुपयांत सगळे टाकून देणारेही भेटतात. तो व्यवहार करूच नये. एका ओळखीच्या कार्यालयात अशाच पेन ड्राइव्हमुळे संगणकातली अनुदानाची यादी गेली होती. शिवाय जे फुकट मिळते त्याचे दोनशे तरी कशाला द्यायचे?

मग घ्यायचे काय

माझ्या मते निवड रेंजवर करावी. ज्या वस्तीवर रेंज येते-जाते, तिथे अँड्रॉइड फोनवर ड्रॉइडफिश हे ॲप टाकावे. स्टॉकफिश त्याच्या पोटातच असते, इंटरनेट लागत नाही, जाहिराती नाहीत. दिसायला रुक्ष आहे, पण काम चोख.

रेंज असेल तर लीचेस. थिबो ड्युप्लेसी या फ्रेंच गृहस्थाने ते २०१० साली सुरू केले. देणग्यांवर चालते, जाहिराती नाहीत, कुठे पैसे मागत नाही. डाव भरला आणि विश्लेषणाचे बटण दाबले की कुठे बारीक चूक, कुठे मोठी, कुठे घोडचूक हे आलेखासह दाखवते. त्यात मला सर्वांत आवडलेली सोय म्हणजे आपल्या चुकांतून शिकण्याचे वेगळे बटण. ते उत्तर लगेच सांगत नाही. चुकलेली जागा पुढे ठेवते आणि दुसरी खेळी शोधा म्हणते. लहान मुलांचे खाते असेल तर सेटिंगमध्ये मुलांसाठीची सोय चालू करावी. मग अनोळखी माणसाशी गप्पा बंद होतात. खात्याला मुलीचे पूर्ण नाव देऊ नये.

चेस डॉट कॉम बहुतेकांच्या फोनमध्ये असते. ते समजावून सांगते छान, पण फुकट खात्यावर डाव तपासायला मर्यादा आहे. पुढे पैसे भरा म्हणते. शाळेत संगणक असेल तर लुकास चेस हा फुकटचा कार्यक्रम गुरुजींनी टाकून घ्यावा. त्यात सरावाचे इतके प्रकार आहेत की वर्षभर पुरतील.

फोन हलका असेल तर इंजिन पाच-दहा मिनिटांच्या वर चालू ठेवू नये. फोन तापतो आणि बॅटरी बसते. आपल्या डावातली चूक त्याला दोन-चार सेकंदांतच दिसते. रात्रभर चालवून जास्त काही हाती लागत नाही.

आकडा कसा वाचावा

माती परीक्षणाचा अहवाल हातात आला म्हणजे खत टाकून झाले असे नसते. इंजिनच्या आकड्याचेही तसेच आहे. अधिक म्हणजे पांढरा वरचढ, उणे म्हणजे काळा. पण काही ॲपमध्ये ज्याची खेळी असेल त्याच्या बाजूने आकडा येतो, ते एकदा तपासून घ्यावे. पूर्वी अधिक एक म्हणजे साधारण एका प्याद्याचा फायदा धरत. डिसेंबर २०२२ च्या स्टॉकफिश १५.१ पासून मोजणी बदलली. बरोबरीची दोन इंजिने खेळली तर जिंकण्याची शक्यता निम्मी, इतका फायदा म्हणजे अधिक एक. म्हणून दोन ॲपमध्ये वेगळे आकडे दिसले तर गोंधळू नये. दशांशातले चढउतार सोडून द्यावेत. आकडा एकदम दोनाने किंवा त्याहून जास्त घसरला, ती जागा बघावी. प्रत्येक डावात अशा दोन-तीनच जागा सापडतात. तेवढाच आपला अभ्यास.

दादांच्या मुलीने हरलेला एक डाव मला दाखवला. तो काळ्याकडून होता. दोघांनी राजापुढची प्यादी दोन-दोन घरे काढली. पांढऱ्याने उंट सी-४ वर आणला, हिने घोडा सी-६ वर. पांढऱ्याने वजीर एच-५ वर आणला. हिने वजिराला हटकायला दुसरा घोडा एफ-६ वर काढला आणि वजिराने एफ-७ चे प्यादे मारून मात केली. ड्रॉइडफिशने क्षणात दाखवले की घोड्याऐवजी जी-७ चे प्यादे एक घर पुढे. ती म्हणाली, "कळलं सर, पुढच्या वेळी प्यादं."

मी फोन पालथा ठेवला. "का म्हणून प्यादं?"

ती गप्प. घोडा काढणे एरवी चांगलेच, असे तिला शिकवले होते. मग आम्ही पट मांडला. दहा मिनिटे ती बघत राहिली. शेवटी म्हणाली, एफ-७ च्या प्याद्याला राजाशिवाय कोणी राखणदारच नाही, आणि उंट नि वजीर दोघेही तिथेच टपलेत. प्यादे पुढे टाकले की वजिराची वाट तुटते. घोडा काढून वजिराला नुसता दम दिला, वाट तुटली नाही. हे तिने शोधले. फोनने फक्त खेळी सांगितली होती.

म्हणून आम्ही एक नेम केला आहे. डाव वहीत लिहायचा, कारण लिहिलेला डावच तपासता येतो. आधी स्वतः वाचून जिथे चुकल्यासारखे वाटते तिथे पेन्सिलीने खूण करायची, आणि मगच फोन उघडायचा. पहिल्या आठवड्यात तिची खूण आणि फोनची खूण फार थोड्या ठिकाणी जुळली. हळूहळू जुळायला लागली आहे.

पालकांना आणखी एक सांगणे आवश्यक आहे. हे सगळे डाव संपल्यावर वापरायचे. ऑनलाइन डाव चालू असताना शेजारी इंजिन उघडणे ही लबाडी आहे. ती पकडली जाते आणि खाते बंद होते. फिडेच्या नियमांनुसार स्पर्धेच्या ठिकाणी पंचांच्या परवानगीशिवाय खेळाडूजवळ फोन सापडला तर डाव जातो, मग तो वापरलेला असो वा नसो. आईला फोन करायचा म्हणून पोरे खिशात ठेवतात. स्पर्धेला सोडतानाच फोन काढून घ्यावा.

आठ दिवसांनी दादा भेटले. सोयाबीन घरातच होते. "पण साहेब," ते म्हणाले, "फुकट म्हणजे त्यात काहीतरी कमी असणार ना? शिकवणारा माणूस तर शिकलेला आहे." घरच्या बियाण्याबद्दलही मला दरवर्षी हेच ऐकावे लागते. मी त्यांना पोरीच्या वहीतल्या पेन्सिलीच्या खुणा दाखवल्या. त्यांना बुद्धिबळ येत नाही, त्यामुळे कितपत पटले ते कळले नाही. लॅपटॉपचा विषय मात्र दिवाळीपर्यंत पुढे गेला आहे.

शनिवारी संध्याकाळी समाजमंदिरात चार पट मांडलेले असतात. ज्यांना ॲप टाकून हवे असेल त्यांनी चार्ज केलेला फोन आणि डाव लिहिलेली वही घेऊन यावे. वही नसेल तर फोन आणू नये.